लाल विटांच्या आत दमिश्क

लंडनला गेलेली आपली माणसे बहुधा एकच यादी घेऊन फिरतात. टॉवर ब्रिज, राजवाडा, मेणाचे पुतळे, आणि वेळ उरलाच तर रीजंट्स पार्कची मोठी मस्जिद. आमचीही यादी तीच होती. पण ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते आमचे मामू, मूळचे रत्नागिरीकडचे आणि आता कित्येक वर्षे तिकडचेच झालेले, यादी वाचून हसले. म्हणाले, "राजवाडे कुठे पळून जात नाहीत. आधी एक घर बघून या. बाहेरून काही नाही. आत काय दिसलं ते संध्याकाळी मला सांगा." याहून जास्त काही सांगायला ते तयार नव्हते.

म्हणून एका ढगाळ सकाळी आम्ही तिघे, म्हणजे आम्ही दोघे आणि आमची मुलगी, हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनावर उतरलो आणि पश्चिमेकडे चालत निघालो. उजव्या हाताला हॉलंड पार्कची झाडे लागली. मग एक वळण, आणि हॉलंड पार्क रोड नावाचा एक शांत, अरुंद रस्ता. तिथे बारा नंबरला लेटन हाउस आहे.

मामूंचे म्हणणे खरे होते. बाहेरून काही नाही. लाल विटांची सरळ भिंत, खिडक्यांच्या आणि मजल्यांच्या रेषा दाखवायला फिक्या रंगाचा थोडा दगड, एक साधा दरवाजा. एका टोकाला भिंतीच्या वर घुमटाचा गोल दिसतो, तेवढीच एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आमची मुलगी म्हणाली, "अब्बा, ही तर शाळा वाटते."

पण त्या विटांपाशी जरा थांबायला हवे. आपल्याकडे वीट म्हणजे गिलाव्याखाली झाकून टाकायची वस्तू. ज्याला गिलावा परवडत नाही त्याचीच वीट उघडी राहते. कोकणात तर घर चिऱ्याचे, वीट नंतर आली. इंग्लंडमध्ये विटेची गोष्ट वेगळी आहे. तिथे १७८४ पासून विटांवर सरकारी कर होता. अमेरिकेतल्या लढाईचा खर्च भरून काढायला तो बसवला होता, आणि तो विटांच्या संख्येवर असल्यामुळे भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली. (माणूस सगळीकडे सारखाच.) १८५० मध्ये तो कर उठला. तरीही लंडनच्या पैसेवाल्या वस्त्यांत विटेवर चुन्या-सिमेंटचा गिलावा चढवून, त्यावर पांढरा-मलईचा रंग देऊन, घर दगडाचे आहे असा आव आणायची रीत चालूच होती. केन्सिंग्टनमध्ये अशा पांढऱ्या घरांच्या रांगा आजही दिसतात. त्या रीतीला कंटाळलेल्या काही तरुण चित्रकारांनी आणि वास्तुविशारदांनी ठरवले की वीट असेल तर वीटच दिसू द्यावी. लंडनच्या बाहेर बेक्सलीहीथला फिलिप वेबने विल्यम मॉरिससाठी बांधलेले रेड हाउस १८६० मध्ये पुरे झाले. त्यानंतर चार-पाच वर्षांत हॉलंड पार्कच्या या कोपऱ्यात चित्रकारांची घरे उभी राहू लागली, तीही लाल विटांची.

त्यांत फ्रेडरिक लेटनचे हे घर. लेटन १८३० मध्ये जन्मला, युरोपभर शिकला, राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडचा सर्वांत मानाचा चित्रकार झाला, १८७८ पासून मरेपर्यंत रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष होता. १८६४ मध्ये त्याने ही जागा घेतली आणि आपला मित्र जॉर्ज एचिसन याला घर बांधायला सांगितले. एचिसनचा धंदा होता बंदरावरच्या गोदामांचा. लंडनच्या गोदीतल्या इमारती बांधणाऱ्या बापाचा तो मुलगा, स्वतःही तेच काम करणारा. राहते घर त्याने याआधी बांधलेले नव्हते. कदाचित म्हणूनच या भिंतींना गोदामाच्या भिंतीसारखा एक प्रामाणिकपणा आहे. सफोकच्या लाल विटा, कातीव कां दगड, बाकी नटवेगिरी नाही. १८६६ मध्ये लेटन इथे राहायला आला आणि पुढची तीस वर्षे, मरेपर्यंत, इथेच राहिला. या तीस वर्षांत ते घर वाढवण्याचे काम त्याने आणि एचिसनने जवळजवळ कधी थांबवलेच नाही.

शेजारच्या घराची एक गंमत सांगून पुढे जाऊ. शेजारी व्हॅल प्रिन्सेप राहायचा, तोही चित्रकार, जन्म कलकत्त्याचा. १८७७ च्या दिल्ली दरबाराचे भले मोठे चित्र काढायला त्यालाच हिंदुस्थानात धाडले होते. आणि मागच्या मेलबरी रोडवर विल्यम बर्जेसचे बुरूजवाले विटांचे घर आहे. याच बर्जेसने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी १८६६ मध्ये एका इमारतीचे सुंदर नकाशे केले होते. ती इमारत बांधलीच गेली नाही. म्हणजे या गल्लीतल्या लोकांचे डोळे आपल्या दिशेला लागलेले होते.

तिकीट घेऊन आत गेलो. आधी काळसर लाकडाचा, सोन्याच्या बारीक रेघा कोरलेला जिना. डाव्या बाजूला वळलो आणि भिंती एकदम मोरपिशी झाल्या. हा निळा रंग विल्यम डी मॉर्गनचा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. त्या निळ्या बोळातून दोन खांबांच्या मधून पुढे गेलो, आणि आम्ही तिघेही बोलायचे थांबलो.

ही ती खोली. इंग्रज तिला अरब हॉल म्हणतात. १८७७ मध्ये काम सुरू झाले, शेवटचा हात फिरेपर्यंत १८८१ उजाडले. चौकोनी खोली, तीन बाजूंना बसायचे कोनाडे, त्यांना अरब देशांतून आणलेली लाकडी जाळी. वर सोनेरी घुमट, त्याला रंगीत काचांच्या छोट्या खिडक्या. मध्यभागी जमिनीतच एक हौद, काळ्या संगमरवराच्या एकाच शिळेतून कोरलेला, त्यात कारंज्याची एक बारीक धार. ते पाणी एवढे हळू वाजते की ते ऐकायला माणूस आपोआप गप्प होतो. आणि चारही भिंतींवर, जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या खूप वरपर्यंत, टाइल्स. निळ्या, हिरव्या, जांभळट. त्यांवर डाळिंबे, द्राक्षांचे घोस, लिली, गुलाबदाण्या, सुरूची झाडे.

या खोलीचा नमुना अरबस्तानातला नाही, सिसिलीतला आहे. पालेर्मो शहरात ला झिसा नावाचा एक महाल आहे, बाराव्या शतकात नॉर्मन राजांनी बांधलेला. राजे ख्रिस्ती, पण बेटावर त्याआधी मुस्लिम राज्य होऊन गेलेले, कारागीर त्याच परंपरेतले. झिसा हे नावही अरबी, मूळ शब्द अल-अझीझ. तिथल्या कारंज्याच्या दालनावरून एचिसनने हे दालन बेतले. खांबांची डोकी आणि वरची सोनेरी पट्टी मात्र इंग्रज चित्रकारांची. खांबांवरचे पक्षी मुलांच्या पुस्तकांसाठी गाजलेल्या रँडॉल्फ कॅल्डेकॉटने योजलेले, सोनेरी काचतुकड्यांची पट्टी वॉल्टर क्रेनची. ती पट्टी आम्हाला फारशी भावली नाही. त्यात हरणे आहेत, सर्प आहेत, आणि खालच्या टाइल्सशी त्यांचे काही बोलणे चाललेय असे वाटत नाही. खालचे काम शांत आहे. वरचे स्वतःकडे बोट दाखवते.

आमच्या मुलीची नजर मात्र दुसरीकडे होती. ती वर बघत होती. भिंतीच्या वरच्या भागात निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांची एक लांब पट्टी आहे. तिने बोट धरून, ओठ हलवत सुरुवात केली, आणि पहिल्या दोन शब्दांनंतर तिचा आवाज मोठा झाला. सूरह अर-रहमान. सुरुवातीच्या आयती. ज्यांत रहमानने कुरआन शिकवल्याचा, माणसाला घडवून बोलणे शिकवल्याचा, सूर्य-चंद्राच्या हिशेबाचा आणि सजदा करणाऱ्या झाडाझुडपांचा उल्लेख येतो त्या. तिला ही सूरह पाठ आहे. आमच्या घरात जुम्याच्या दिवशी तिची दादी ती वाचते. एक वयस्कर इंग्रज बाई जवळ उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "तुला हे वाचता येतं?" मुलगी म्हणाली, "हो." बाईंनी पुन्हा वर पाहिले. त्या म्हणाल्या की आपण इथे अनेकदा येतो, पण ती नक्षीच आहे असे समजत होतो.

त्यानंतर आम्हाला ती खोली पहिल्यासारखी पाहता येईना. तोवर आम्ही वाहवा करत होतो. आता प्रश्न पडला, हे इथे आले कसे?

आधी या टाइल्स काय आहेत ते पाहू. उर्दूत या कामाला काशीकारी म्हणतात, इराणच्या काशान शहरावरून. इथे काही टाइल्स इराणच्या आहेत, काही तुर्कस्तानातल्या इझनिकच्या, पण बहुतांश दमिश्कच्या आहेत, नकाशात ज्याला दमास्कस म्हणतात त्या शहराच्या. काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याची सुरुवात. सोळाव्या शतकाच्या मध्यावर सुलतान सुलेमानने जेरुसलेमच्या कुब्बत-उस-सखराला बाहेरून नवी काशीकारी करून घेतली. त्या कामावरच्या कारागिरांचा हुन्नर पुढे दमिश्कमध्ये रुजला, तिथे सुलतानाची तकिया मस्जिद १५५४ ते १५५९ मध्ये उभी राहत होती. पुढे मस्जिदी, मकबरे, हमाम आणि सधन लोकांची घरे अशाच टाइल्सनी सजली.

या टाइल्स नुसत्या मातीच्या नसतात. गारगोटीची पूड, काचेची भुकटी आणि थोडी पांढरी माती मळून फरशी करतात, तिच्यावर पांढरा पातळ लेप, त्यावर काळ्या रेघेने नक्षी, मग कोबाल्टचा निळा, तांब्याचा मोरपिशी, पिवळट हिरवा, मँगेनीजचा जांभळा. सगळ्यावर पारदर्शक काचेचा थर आणि मग भट्टी. इझनिकच्या टाइल्समध्ये उठावदार लाल असतो, दमिश्कच्या कारागिरांकडे तो नव्हता. त्यांनी त्याची उणीव जांभळ्याने भरून काढली. दोन्ही टाइल्स शेजारी बघितल्या की फरक कळतो. दमिश्कची रेघ जरा ढिली, हाताची थरथर दिसणारी. आम्हाला तीच आवडली. नाव मात्र एकाही टाइलवर आम्हाला दिसले नाही. खोलीत जागोजागी ज्यांची नावे सांगितली जातात ते सगळे इंग्रज.

आणखी एक गोष्ट. दमिश्कचे जुने घर बाहेरून कसे असते? गल्लीकडे कोरी भिंत, एक साधा दरवाजा. आत चौक, हौद, झाडे, काशीकारी. जे काही देखणे आहे ते घरच्या माणसांसाठी आणि पाहुण्यांसाठी, रस्त्यावरच्या लोकांसाठी नाही. एचिसनच्या लाल विटांच्या कोऱ्या भिंतीने नकळत तीच मर्यादा पाळली आहे. लंडनमधल्या बाकीच्या बड्या घरांत थाट रस्त्यावर असतो. इथे तो आत आहे. म्हणून या टाइल्स इथे उपऱ्या वाटत नाहीत, आणि म्हणूनच मन जास्त घोटाळते.

लेटन १८५७ मध्ये अल्जीरियाला गेला तेव्हापासून त्याला मुस्लिम देशांची ओढ लागली. मग तुर्कस्तान, इजिप्त, आणि १८७३ मध्ये दमिश्क. तिथे त्याने उमय्या मस्जिदीच्या आतले दृश्य रंगवले. ते चित्र आज इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराच्या संग्रहालयात आहे. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, त्या मस्जिदीला भयंकर आग लागली आणि आतले बरेच काही जळाले. म्हणजे आगीपूर्वीची मस्जिद कशी होती हे सांगणाऱ्या थोड्या साक्षीदारांत या इंग्रजाचे चित्रही आहे. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवे.

पण टाइल्स त्याने एकट्याने जमवल्या नाहीत. त्याला मदत करणाऱ्यांत एक होता रिचर्ड बर्टन. हा माणूस आपल्या वाचकांना अनोळखी नाही. १८५३ मध्ये पठाण हकीम बनून, वेश पालटून मक्केला जाऊन आलेला तो हाच. तो १८४२ मध्ये मुंबईला फौजेत आला होता, आणि ज्या देशी भाषांच्या परीक्षा त्याने दिल्या त्यांत आपली मराठीही होती. १८६९ ते १८७१ तो दमिश्कमध्ये ब्रिटिशांचा वकील होता. लेटन त्याचा मित्र. १८७१ मध्ये बर्टनने दमिश्कहून लेटनला एक पत्र लिहिले. त्यात त्याने म्हटले आहे की तुझ्यासाठी एखादे घर पाडायला लावायची माझी अजूनही तयारी आहे, पण टाइल्स असलेले घर सापडणे हीच अडचण झाली आहे. आणि जुन्या बाजारातल्या लोकांना आता त्यांची किंमत कळली आहे, ते वाटेल ते दाम मागतात.

ही गोष्ट कळल्यावर आम्ही त्या कोनाड्यात बसलो. घर पाडायला लावायचे. चेष्टेत लिहिले असेल. मित्रांच्या पत्रात माणूस असे लिहितो. तरी त्या चेष्टेत ज्याचे घर, त्याचा कुठेही उल्लेख नाही.

बर्टनची दुसरी भेट आपल्या अधिक जवळची आहे. १८७६ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला, सिंधमध्ये फिरला. परत गेल्यावर त्याने लेटनला सिंधू नदीकाठच्या सक्कर इथल्या एका मुस्लिम कबरीवरच्या टाइल्स देऊ केल्या, आणि कोणता रंग टिकतो, कोणता उडतो हेही कळवले. सक्कर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. म्हणजे कागदोपत्री ते आणि आमचे रत्नागिरी एकाच सरकारचे.

त्याच सुमारास कॅस्पर पर्डन क्लार्क हा साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा माणूस पूर्वेकडे खरेदीला निघाला होता. त्यानेही दमिश्कमधून लेटनसाठी टाइल्स आणल्या. पैसे मोजून. हे महत्त्वाचे आहे. विकणारा कोणीतरी होता.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. आमच्या नानांचे गावचे घर चिऱ्याचे, सागवानी खांबांचे. ओटीवरून माजघरात जायच्या दरवाजाच्या पट्टीवर बिस्मिल्ला कोरलेली होती, खाली वेलबुट्टी. नाना सांगायचे की त्यांच्या आजोबांनी गावच्याच सुताराकडून ती करून घेतली, आणि सुताराला अक्षरे वाचता येत नसल्यामुळे मौलवीसाहेबांनी कोळशाने आधी लिहून दिली. नाना गेल्यावर घरात कोणी राहिले नाही. मुंबईत, कुवेतमध्ये, इंग्लंडमध्ये सगळे पांगलेले. छप्पर गळायला लागले. एक दलाल आला. त्याने खांब, दरवाजा, पट्टी असा सगळा सौदा केला, टेम्पो भरला आणि नेला. सही करणाऱ्यांत आम्हीही होतो. पैसे भावंडांत वाटले, आमच्या वाट्याचे कशात गेले ते आज आठवतही नाही. ती पट्टी आज कोणाच्या हॉटेलात आहे की दिवाणखान्यात, कुणाला ठाऊक. तिथे बसणारा कोणी ती वाचतो की नाही, तेही माहीत नाही.

तेव्हा बर्टनवर राग काढायला आम्ही कोनाड्यातून उठलो खरे, पण आवाज फारसा निघाला नाही.

आता डी मॉर्गनकडे वळू. दमिश्कहून निघालेल्या टाइल्स काही फुटल्या, काही कमी पडल्या, काही एकमेकांना जुळेनात. वेगवेगळ्या भिंतींवरून उतरवलेले तुकडे एका भिंतीवर बसवायचे म्हणजे फाटलेल्या चार गोधड्यांची एक गोधडी करणे. विल्यम डी मॉर्गन तेव्हा स्वतःची भट्टी चालवणारा तरुण कारागीर होता. त्याने तुकडे लावले, आणि जिथे जागा रिकामी राहिली तिथे स्वतः टाइल्स करून बसवल्या. त्याच्या कोणत्या आणि जुन्या कोणत्या हे आम्ही पुष्कळ वेळ शोधत होतो. कधी सापडल्या, कधी फसलो. पुढची कित्येक वर्षे डी मॉर्गनच्या स्वतःच्या कामात दमिश्कचा निळा आणि हिरवा दिसत राहिला. त्याला शिकवणारे दमिश्कचे ते बिननावाचे कारागीर होते, त्यांना जाऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती.

काही टाइल्सवर पक्षी आहेत. तिथे सांगतात की त्यांतल्या काही पक्ष्यांच्या मानेवर कुणीतरी आडवी रेघ खरवडली आहे, म्हणजे तो जिवंत प्राणी राहिला नाही, नुसती नक्षी झाली. आम्ही वाकून पाहिले, एक रेघ दिसली. आमच्या मुलीला हसू आले. मग ती म्हणाली, "म्हणजे कुणाला तरी हे पक्षी घरात ठेवायचेच होते. नाहीतर त्यांनी टाइलच काढून टाकली असती." आम्हाला हे सुचले नव्हते.

वरचा मजला आम्ही भराभर पाहिला. मोठी चित्रशाळा, उत्तरेकडे प्रचंड खिडकी, कारण चित्रकाराला दिवसभर एकसारखा उजेड लागतो. मोठी चित्रे जिन्यातून उतरत नाहीत म्हणून भिंतीत उंच, अरुंद फट ठेवली आहे, त्यातून चित्र उभे सरकवून बाहेर काढायचे. ही फट आम्हाला फार आवडली, गोदामवाल्याचे डोके तिथे दिसते. चित्रासाठी बसायला येणाऱ्या गरीब मुलींना वेगळा जिना, म्हणजे त्या मुख्य दारातून पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाहीत. १८९० च्या सुमारास लंडनच्या धुरकट हिवाळ्यासाठी लोखंडी खांबांवर काचेची आणखी एक चित्रशाळा बांधली. आणि एवढ्या सगळ्या घरात झोपायची खोली एकच. साधी, लहान, एका माणसाची. लेटनने लग्न केले नाही. आमच्या घरात चार खोल्यांत नऊ माणसे झोपतात, तेव्हा ही गोष्ट आम्हाला घुमटापेक्षा जास्त चमत्कारिक वाटली.

जानेवारी १८९६ मध्ये सरकारने त्याला लॉर्ड केले. इंग्लंडमध्ये कोणा चित्रकाराला हा मान तोवर मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो वारला. मूलबाळ नाही, त्यामुळे लॉर्डपद एका दिवसात संपले. त्याच वर्षी घरातले सामान, चित्रे, गालिचे लिलावात गेले. टाइल्स भिंतीत बसवलेल्या होत्या म्हणून राहिल्या. शेजारी राहणाऱ्या श्रीमती बॅरिंग्टन यांनी घर वाचवायला आयुष्य घातले, आणि १९२६ मध्ये ते केन्सिंग्टनच्या नगरपालिकेकडे आले. नंतर पेरिन गॅलरीची जोड मिळाली. ती बांधणारा हॅल्सी रिकार्डो हा डी मॉर्गनचा जुना भागीदार, आणि कलकत्त्याजवळचे हावडा स्टेशनही त्याचेच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने नुकसान झाले, दुरुस्ती झाली. अलीकडे पुन्हा मोठी डागडुजी करून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घर नव्याने उघडले.

त्या नव्या भागात आम्हाला एक गोष्ट अनपेक्षित भेटली. गोल जिन्याच्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत मोरपिशी रंगाची वळणे चढत गेली आहेत. इराणी चित्रकार शहरजाद गफ्फारी यांनी मौलाना रूमींच्या कवितेवरून केलेले ते चित्र. तिथे चित्रकाराचे नाव आहे. आणि तिथल्या नव्या मेजखुर्च्यांचे काम जॉर्डनमधल्या अम्मान शहरात राहणाऱ्या सीरियन कारागिरांकडून करून घेतले आहे. आपला देश सोडावा लागलेले हे लोक. सीरियाचे हात पुन्हा या घरात आले. या वेळी वस्तू त्याच घरासाठी घडवली गेली, कुणाची भिंत उतरवून आली नाही. आम्ही त्या लाकडावरून हात फिरवला. फिरवू द्यायची परवानगी होती की नाही ते विचारले नाही.

निघण्याआधी मुलगी पुन्हा खाली त्या दालनात गेली. ती इंग्रज बाई अजून तिथेच होत्या. मुलीने त्यांना वरची पट्टी उजवीकडून डावीकडे शब्दाशब्दाने दाखवली. कुठे रहमान, कुठे कुरआन, कुठे सूर्य, कुठे चंद्र. बाईंनी 'शम्स' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा तो जवळजवळ बरोबर आला.

असरची वेळ झाली होती. हॉलंड पार्कच्या हिरवळीवर एका झाडाखाली नमाज पढलो आणि स्टेशनकडे निघालो. रात्री मामूंनी विचारले, "मग? काय दिसलं आत?" आम्ही सांगू लागलो. पत्राची गोष्ट आली, आणि मग नानांच्या दरवाजाची. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पट्टीच्या खाली उजव्या बाजूला लहानपणी मी चाकूनं माझं नाव कोरलं होतं. नानांनी मारलं होतं मला. शोधणाऱ्याला तेवढी खूण पुरेल."

कोणी जाणार असेल तर घर उघडे असल्याचे दिवस आधी पाहून घ्यावेत, आठवड्यात सुटी असते. सकाळी लवकर जावे, गर्दी नसते आणि घुमटातून उजेड चांगला येतो. आणि वर अक्षरांकडे बघत चालताना जरा खालीही नजर असू द्या. हौद जमिनीतच आहे, आणि लेटनचे पाहुणेही गप्पांच्या नादात त्यात पाय घालत असत.